शिवण उसवली नव्हती

ज्या करुणेने पर्वतांना स्थैर्य दिले आणि माणसाला त्यांवर चढण्याची हौस दिली, जी पडणाऱ्याला पाहते आणि पाहायचे सोडून डोळे मिटून बसणाऱ्यालाही पाहते, तिला प्रथम वंदन करतो. लिहिताना माझी लेखणी सत्याला वळसा घालून जाऊ नये, एवढेच आज तिच्याजवळ मागणे आहे.

प्रिय भिंगरी,

मंगळवारी दुपारच्या टपालाने तुझे पत्र मिळाले. या वयात माझ्या नावाने येणारा लिफाफा एक तर वीज खात्याचा असतो, नाही तर कोणी तरी गेल्याचा. त्यामुळे तुझे तिरके, घाईतले अक्षर ओळखून मी पाकीट उभ्यानेच फोडले. वाचून झाल्यावर मात्र बसावे लागले. तू लिहितेस की डोंगरी बचाव पथकाने तुझ्या कारखान्याकडे दोनशे कमरपट्टे मागितले आहेत आणि महिनाअखेर त्यांना होकार किंवा नकार कळवायचा आहे. तुझ्या आठ मशिनांवर आजवर पाठपिशव्या झाल्या, तंबू झाले. पण ज्या पट्ट्याला दोर बांधून माणूस कड्यावर लोंबकळतो तो पट्टा कधी झाला नाही, कारण तुझ्या आईची, म्हणजे वहिनींची, तशी सक्त ना आहे. या खेपेस तू हट्टाने कारण विचारलेस, तेव्हा त्या म्हणाल्या, “तुझा बाप माझ्या शिवणीतून पडला.” अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी तुझ्यासमोर प्रथमच उच्चारले. आणि आता तू मला विचारतेस, “काका, तुम्ही तिथे होतात. शिवण उसवली होती का? हो की नाही, एवढंच कळवा. आई म्हणते, भावजी सांगतील ते मी मानीन.”

तुझ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. शिवण उसवली नव्हती. हे वाक्य दोनदा वाच, आणि मगच पुढे वाचायला घे. कारण पुढे जे लिहिणार आहे त्याने मी तुला पूर्वीसारखा वाटणार नाही, असा संभव आहे.

खरे तर तुला याआधीच एक उत्तर मिळायचे होते. तुझे पत्र आले त्याच दुपारी मी चार ओळींचे उत्तर लिहून पाकिटात घातले होते. त्यात लिहिले होते की वहिनींच्या हाताचा काही दोष नव्हता, पर्वतावर असे घडते, कालाची गती कोणाला कळत नाही, तू निःशंक मनाने पट्टे शिव, शुभाशीर्वाद. त्या चार ओळींनी सगळ्यांचे भागले असते. तुला होकार कळवता आला असता, वहिनींचे ओझे उतरले असते आणि माझ्या अंगाला ओरखडाही उठला नसता. पाकीट घेऊन मी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेलो, झाकण उचलले, आणि त्या चार ओळींची चव मला ओळखीची वाटली. अशीच, एकही शब्द खोटा नसलेली साक्ष मी एकदा दिली होती. मी पाकीट खिशात घालून परत आलो. शेजारचा न्हावी दुकानाच्या दारात उभा होता, तो म्हणाला, “काय सर, पत्ता विसरलात वाटतं?” मी त्याला हो म्हटले.

तुझ्या बाबांची आणि माझी भेट कशी झाली हे तू लहानपणी माझ्याकडून पुष्कळदा ऐकले आहेस, पण पुन्हा सांगतो, कारण त्यांच्याविषयी लिहायला बसलो की मला तेथूनच सुरुवात करता येते. ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीत मी लिफ्टमध्ये अडकलो होतो. दिवे गेलेले, दोन मजल्यांच्या मधोमध पेटी थांबलेली, आणि भीती जावी म्हणून मी मोठ्याने स्तोत्रे म्हणत होतो. वरून आवाज आला, “आत रेडिओ कोणी ठेवलाय रे?” ते लिफ्ट दुरुस्त करणारे तुझे बाबा. झाकण काढून त्यांनी हात खाली सोडले आणि मला मनगटांना धरून वर ओढले. माझे कपडे झटकीत म्हणाले, “पंडित, तुमची पकड चांगली आहे. रविवारी काय करता?” तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो, शाळेत प्राचीन भाषा शिकवीत होतो, आणि रविवारी धातूंची रूपे तपासण्यापलीकडे काही करीत नव्हतो. पुढची चौदा वर्षे प्रत्येक रविवार आम्ही दोघांनी एका दोराच्या दोन टोकांना घालवला. ते देव मानीत नसत. मी मानतो याची त्यांना गंमत वाटे. “लोकांना मी आठवडाभर वर पोचवतो, पण तुझ्यासारखा वरच्याशी बोलणारा गिऱ्हाईक पहिलाच,” असे म्हणत. पण माझ्या सकाळच्या जपाच्या वेळी मी मौन पाळतो हे कळल्यापासून त्या वेळेत त्यांनी मला कधी बोलायला लावले नाही. “तुझ्या देवाच्या वेळेत मी गप्प, माझ्या दोराच्या वेळेत तू गप्प,” हा आमचा करार होता.

आणखी एक करार होता, तो तुला माहीत नाही. चढणारा माणूस दोर कमरपट्ट्याला बांधतो ती गाठ दोन टप्प्यांत पुरी होते. आधी दोरावर इंग्रजी आठाचा आकडा पडतो तशी सुटी गाठ मारायची. मग पुढे उरलेले टोक पट्ट्याच्या फासातून ओवून त्याच आकड्याच्या वाटेने, शेजारी शेजारी, मागे फिरवून घट्ट करायचे. हे मागे फिरवणे राहून गेले, तर वरवर पाहणाऱ्याला गाठ दिसते, आणि धरून मात्र ती काहीच ठेवीत नाही. म्हणून तुझ्या बाबांनी घालून दिलेला नेम असा होता की चढण्यापूर्वी प्रत्येकाने दुसऱ्याच्या गाठीत मूठ घालून ती ओढायची, आणि मगच ‘बघितलं’ म्हणायचे. स्वतःची गाठ स्वतः पाहायची नाही. ते म्हणत, “माणूस आपल्या चुका प्रेमाने बघतो. दुसऱ्याच्या बघताना डोळे उघडे असतात.” लिफ्टच्या कामातही ते जोडीदाराकडून तपासून घेतल्याशिवाय पेटी हलू देत नसत. चौदा वर्षांत हा नेम आम्ही एकदाही मोडला नाही. एका दिवशी मी मोडला.

तो आमच्या शेवटच्या मोहिमेचा चौथा दिवस होता. दोन खाटा जेमतेम मावतील एवढ्या खडकाच्या फळीवर आमचा तंबू होता. समोर कडा, खाली बर्फाचा उतार, आणि त्या उतारात एक रुंद भेग, जिचा तळ दिसत नव्हता. निघण्याच्या आधीच्या आठवड्यात तुझ्या बाबांच्या पट्ट्याच्या फासाचे दोन टाके विरलेले दिसले होते. वहिनींनी तो फास उसवून मेणाच्या दोऱ्याने चार पदरी शिवून दिला होता, आणि देताना म्हणाल्या होत्या, “आता हा हत्तीला बांधला तरी चालेल.” बाबा म्हणाले होते, “म्हणजे तू मला हत्ती म्हणालीस.” तू सहा वर्षांची होतीस. तो पट्टा घालून तू घरभर फिरली होतीस आणि तुझ्या कमरेभोवती त्याचे तीन वेढे बसले होते.

त्या सकाळी मी फळीच्या टोकाशी डोळे मिटून जपाला बसलो होतो. पश्चिमेकडून ढग चढत होते, म्हणून बाबा लवकर आवरत होते. त्यांनी दोरावर आकडा घातला, टोक फासातून ओवले, आणि तेवढ्यात स्टोव्हवरचे आधण उतू जाऊन स्टोव्ह कलला. शेजारी फडक्यात बांधलेली माझी पोथी होती. मी आवाजाने डोळे उघडले, पण मौन सोडले नाही. मी बोटांनी दोनदा चुटकी वाजवली आणि पोथीकडे बोट केले. हातातले टोक तसेच सोडून ते धावले. उकळते पाणी पोथीपर्यंत पोचण्यापूर्वी त्यांनी ती उचलली, बाहीने पुसली, आणि माझ्या मांडीवर ठेवीत म्हणाले, “थोडक्यात वाचला तुझा देव. चहाने अंघोळ झाली असती.” मग स्टोव्ह सरळ केला, हातमोजे चढवले, जाकीट खाली ओढले. परत गाठीकडे ते वळले नाहीत, कारण त्यांच्या मनात ती बांधून झाली होती. काम अर्धवट ठेवून माणूस उठला की असे होते. म्हणूनच तर मूठ घालण्याचा नेम होता.

ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. वाकून माझ्या गाठीत त्यांनी मूठ घातली, ती दोनदा ओढली आणि “तुझी बघितली” म्हणाले. मग स्वतःची कमर माझ्या डोळ्यांसमोर आणून त्यांनी विचारले, “माझी बघितलीस?” माझे डोळे मिटलेले होते. अकरा आवर्तने उरली होती आणि मोजणी चुकेल अशी मला भीती वाटली. मी मान डोलावली.

भिंगरी, घाई असती तर मी स्वतःला काही सांगू शकलो असतो. पण ती अकरा आवर्तने पुरी होईपर्यंत ते तेथेच शांतपणे थांबले होते. मी उठलो, पोथी पिशवीत ठेवली, त्यांच्या हातचा चहा घेतला. पाहायचे असते तर चारदा पाहून झाले असते. पण मी ‘बघितले’ असे सांगून चुकलो होतो, आणि सांगून झालेली गोष्ट माणूस पुन्हा पाहत नाही.

आधी मी चढलो. चाळीस हातांवर बसण्यापुरती जागा होती. तेथे स्वतःला बांधून मी दोर वर घेऊ लागलो आणि ते माझ्यामागे चढू लागले. थंडीने ताठ झालेले ते टोक फासात अडकून राहिले होते. दोर वर घेण्याच्या नुसत्या ओढीला तेवढे पुरले. माझ्याखाली आठ-दहा हातांवर खडकाचा एक गुळगुळीत टप्पा होता, तेथे त्यांचा पाय घसरला. असा पाय त्यांचा पूर्वी शंभरदा घसरला असेल. ते हसूनच म्हणाले, “धर रे.” मी धरले. दोर ताठ झाला, आणि पुढच्याच क्षणी माझ्या हातांत तो हलका झाला. याहून अधिक मला लिहिता येत नाही. आवाज फार कमी झाला.

मी दोर हातावर हात टाकून वर घेतला. त्याच्या शेवटी तो आठाचा आकडा होता, एकेरी, मागे न फिरवलेला, आणि त्याच्यापुढे मोकळे टोक. माझ्या बोटांनी तो सोडला. पहिली काही वर्षे मी स्वतःला समजावीत असे की ती केवळ सवय होती. चढाई संपली की गाठ सोडायची, दोराला पीळ ठेवायचा नाही, हे त्यांनीच शिकवले होते. आणि खाली उतरायला मला दोर मोकळा हवाच होता. हे सर्व खरे आहे. परंतु बोटे सवयीने चालली असे मानले, तरी जीभ कोणत्या सवयीने थांबली हे मला आजपर्यंत सांगता आलेले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बचाव पथक आले. दोन दिवस त्यांनी त्या भेगेत माणसे उतरवली, मग हिम पडू लागले आणि काम थांबले. ना बाबा मिळाले, ना पट्टा. पथकाच्या दगडी खोलीत प्रमुखांनी माझ्यासमोर चहा ठेवून चार प्रश्न विचारले. दोर तुटला का? मी म्हटले, नाही. दोराला गाठ होती का? होती. मग ती कुठे आहे? उतरताना मी सोडली. “म्हणजे पट्ट्याचा फासच गेला,” ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी विचारले, “पट्टा कसा होता?” मी म्हटले, “फासाची शिवण गेल्या आठवड्यात घरी दुरुस्त केली होती.” माझी चारही उत्तरे खरी होती. मी आयुष्यभर ज्या ग्रंथांचे अध्ययन केले त्यांत अशा सत्याला काय म्हणतात हे मला ठाऊक आहे. त्या वेळीही ठाऊक होते.

त्यानंतर मी वहिनींना भेटायला आलो. तू दाराआड उभी होतीस. वहिनींनी मला एकच विचारले, “भावजी, मी शिवलेला फासच तुटला ना?” मला त्यांना दोन वाक्ये सांगायची होती. त्याऐवजी मी तासभर बोललो. देह नाशवंत आहे, आयुष्याची दोरी वरच्याच्या हाती आहे, निमित्त कोणीही होतो, शोक करू नये. ‘निमित्त कोणीही होतो’ असे मी त्यांच्या तोंडावर म्हणालो, पोरी. त्यांनी मान खाली घालून ते ऐकले, आणि निमित्त आपणच आहोत असा अर्थ घेतला. मला तो अर्थ दिसला. तो तसाच राहू दिला.

पुढे तीन-चार महिन्यांनी एका दुपारी मी आलो, तेव्हा तुमच्या मधल्या दाराच्या चौकटीला कापडी फास टांगलेले होते. सहा की सात असतील. तसेच कापड, तोच मेणाचा दोरा, तेच चार पदर. प्रत्येकाला वाळूचे पोते अडकवलेले होते आणि खाली जमिनीवर खडूने तारखा लिहिल्या होत्या. तू त्या पोत्यांमधून वाट काढीत खेळत होतीस. वहिनी म्हणाल्या, “भावजी, हा एकवीस दिवस झाले तुटत नाही. पाण्यात भिजवला, बर्फात ठेवला, तरी तुटत नाही. मग तोच कसा तुटला?” त्या वेळी सांगणे किती सोपे होते. त्यांनी दार उघडून धरले होते, मी फक्त आत जायचे होते. मी म्हणालो, “वहिनी, काही प्रश्नांना उत्तर नसतं.” त्यांनी ते फास उतरवले. त्या दिवसापासून त्या पडदे आणि उशांचे अभ्रे शिवू लागल्या. ज्याला लोंबकळून कोणाचा जीव राहत नाही असेच शिवायचे, हा त्यांचा निश्चय झाला. शाळेच्या कोटाची बटणेसुद्धा त्या तुला शेजारणीकडून लावून आणायला सांगत, हे तुला आठवत असेल.

मी कसा जगलो हे तू विचारले नाहीस, पण तुला ते ठाऊक असावे. कड्याच्या वाटेला मी पुन्हा गेलो नाही. नाडीचे बूट सोडले, कारण गाठ मारताना बोटे थांबत. वर्गातले कोणी वही पुढे करून “सर, बघितलीत?” म्हणाले की मी ती तीनदा तपासत असे, आणि त्यामुळे मुलांनी माझे नाव ‘तिबार सर’ ठेवले होते. तुझ्या काकूला हे कधी कळले नाही. तिला वाटे, मित्र गेल्यामुळे मी अतिचिकित्सक झालो आहे. निवृत्तीनंतर वाचनालयात मी ग्रंथांवर बोलू लागलो, लोक ऐकायला येऊ लागले, कोणी देवमाणूस म्हणू लागले. सत्यावरचा अध्याय आला की दर वर्षी माझा घसा बसे आणि श्रोते काळजीने काढा सुचवीत. जप मी सोडला नाही. रोज त्या अकरा आवर्तनांपाशी येऊन मी डोळे उघडतो. समोर कोणी उभे नसते. परमेश्वराने मला क्षमा केली की नाही हे मी त्याला पुष्कळदा विचारले. परंतु ज्यांची क्षमा मागायची त्या तुमच्या घरात, माझ्यापासून तीन गल्ल्या पलीकडे, पडदे शिवीत बसल्या होत्या, आणि त्यांना विचारण्याचे टाळण्यासाठीच मी परमेश्वराला विचारीत होतो, हे मला टपालपेटीपाशी उमगले.

काल, गुरुवारी सकाळी, मी वहिनींकडे गेलो. तू कारखान्यात असशील ही वेळ मी मुद्दाम निवडली. त्या खिडकीपाशी निळ्या पडद्याला दुमड घालीत होत्या. जाड भिंगाच्या चष्म्यावर दुसरा चष्मा चढवलेला. मी उभ्यानेच सांगितले. पोथी, चुटकी, मान डोलावणे, सुटा आकडा, चार उत्तरे. काही मागे ठेवले नाही आणि काही समजावले नाही. त्यांनी मशीन थांबवली नव्हती. मी ‘गाठ’ म्हणालो तेव्हा ती थांबली. त्यांनी पडद्याची दोरी माझ्यापुढे टाकली आणि म्हणाल्या, “बांधून दाखवा. तशीच.” अठ्ठावीस वर्षांनी मी गाठ मारली. त्यांच्या कात्रीच्या मुठीतून टोक ओवले आणि मागे न फिरवता सोडले. त्यांनी दोरी ओढली. टोक सुळकन निघून आले. त्यांनी पुन्हा ओवायला लावले, पुन्हा ओढले. मग म्हणाल्या, “एवढंच?” मी हो म्हटले. “अठ्ठावीस वर्षं मी रोज मनात तो फास उसवून बघतेय, भावजी. कुठला टाका सैल होता ते शोधतेय. आणि तुम्ही दर महिन्याला येऊन माझ्या हातचा चहा पिऊन जात होतात.” त्यांनी दोरी गुंडाळून बाजूला ठेवली. “माझा टाका चुकला असता ना, तर मी दुसऱ्या दिवशी गावभर सांगितलं असतं,” त्या म्हणाल्या. मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले. “ते नको. ते तुम्हाला सोपं आहे.”

मी निघालो तेव्हा त्यांनी थांबवून, मागाहून कानावर आलेली एक जुनी गोष्ट काढली. तू एकोणीस वर्षांची असताना गिर्यारोहण मंडळाच्या वर्गाला गेली होतीस, आणि पहिल्याच दिवशी तेथल्या शिक्षकांनी भिंतीवरचा तुझ्या बाबांचा फोटो दाखवून सांगितले होते की घरी शिवलेल्या पट्ट्यावर विसंबू नका, हे बघा काय होते. ती गोष्ट कोणाच्या शिवणीची आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. तुला होते. घरी येऊन तू आईशी दोन दिवस बोलली नाहीस, आणि का बोलत नाहीस हे वहिनींनी विचारले नाही. तो धडा मंडळात अजून शिकवतात. काल वहिनी मला म्हणाल्या, “पोरीला तुम्ही तोंडी सांगायचं नाही. तोंडाने तुम्ही सगळं गोड करता. लिहा. श्लोक घालू नका. आणि असं लिहा की परक्याला कळेल. पोरीचं वाचून झालं की तो कागद मंडळात लागायला हवा, त्या फोटोशेजारी.” पट्ट्यांचे मी विचारले, तेव्हा म्हणाल्या, “माझी ना होती, ती आता नाही. हो म्हणायला वेळ लागेल मला. तिचं तिने ठरवावं.” त्यांनी मला पुन्हा ये म्हटले नाही, आणि मी विचारले नाही. म्हणून हे पत्र लिहिले आहे, भिंगरी, आणि म्हणून त्यात तुला पाठ असलेल्या गाठीचेही वर्णन आहे. तुझे वाचून झाले की ते मंडळाच्या चिटणीसांकडे तूच नेऊन दे. मी नेले तर ते माझ्याकडे पाहून हळहळतील आणि कागद कपाटात ठेवतील. रागावणार असशील तर पूर्ण रागाव, अर्धवट ठेवू नकोस. माझ्यासाठी तुझ्या बाबांनी पोथी वाचवली, आणि त्यांच्यासाठी मी डोळेसुद्धा उघडले नाहीत. हे तुझ्या बाबांच्या फोटोखाली उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला कळू दे.

तुझाच,
काका

आणि हे जे कोणी वाचतील, चढणारे असोत वा खाली वाट पाहणारे, त्या सर्वांना माझा आशीर्वाद आहे: तुमच्या हाताचे काम निर्दोष असेल तर त्याचा दोष तुम्हाला कधी वाहावा न लागो, चूक तुमची असेल तर ती त्याच दिवशी सांगण्याचे बळ तुम्हाला लाभो, आणि तुम्ही ज्याला विश्वासाने विचाराल, तो उत्तर देण्यापूर्वी तुमच्याकडे पाहो. परमेश्वर तुम्हा सर्वांना सुखरूप घरी आणो.